नाव महाराष्ट्र, गाव परतूर

जालन्याहून मंठ्याकडे निघालो की वाटेत वाटूर फाटा लागतो. वाटूरचा तालुका परतूर. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला; त्याआधी हा तालुका परभणीत होता आणि 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेवरच्या याच परतुरात 1937 साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली एका संघटनेचे पहिले अधिवेशन भरले. संघटनेचे नाव होते महाराष्ट्र परिषद.

महाराष्ट्र नावाचे राज्य व्हायला तेव्हा 23 वर्षे बाकी होती. पुणे-सातारा मुंबई इलाख्यात, नागपूर-अमरावती मध्यप्रांत-वऱ्हाडात. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी मराठी पाचच: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. हाच मराठवाडा. कारभार उर्दूत, 1918 च्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूत. सभा घ्यायची तर आधी परवानगी मागायला लावणारे ‘गश्ती निशाण 53’ हे फर्मान आडवे येई. सरकारी नोकरीसाठी ‘मुल्की’, म्हणजे संस्थानचे रहिवासी, असावे लागे. बाहेरून आलेल्याला त्यासाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. म्हणजे परतूरचा मुलगा मुल्की आणि पुण्याचा मराठी मुलगा गैरमुल्की! अशा वेळी ‘मराठवाडा परिषद’ म्हणून भागले असते. या मंडळींनी अख्खे नाव घेतले. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या परिषदेचे सरचिटणीस झाले. माझ्या मते ते नाव म्हणजेच परिषदेची सर्वांत धीट मागणी होती: सरहद्द कुठेही आखा, आम्ही महाराष्ट्राचेच.

मोठे नाव नेमके कुणाचे, हा प्रश्न अमेरिकेतही आहे. 1507 साली वाल्डझेम्युलरच्या नकाशावर ‘अमेरिका’ ही अक्षरे उमटली ती दक्षिणेकडच्या भूमीवर, आजच्या ब्राझीलच्या बाजूला. आज त्या दोन खंडांत 35 स्वतंत्र देश आहेत, पण अमेरिकन म्हटले की आपल्यालाही एकाच देशाचा माणूस आठवतो. होसे मार्ती या क्यूबन लेखकाने 1891 सालीच ‘आपली अमेरिका’ अशा नावाचा निबंध लिहून त्या नावावर हक्क सांगितला. बोगोटा किंवा लिमातला माणूस आजही स्वतःला अमेरिकन म्हणवतो आणि वॉशिंग्टनवाल्यांना ‘संयुक्त संस्थानवाले’ म्हणतो. ऐकतो कोण, हा भाग वेगळा.

आपल्याकडे असे नाव सरसकट कुणी बळकावले नाही, पण वाटणी सारखीही झाली नाही. पुणे-कोल्हापूरकडे पश्चिम महाराष्ट्र, नाशिक-जळगावकडे उत्तर महाराष्ट्र. आम्ही मात्र मराठवाडा. पैठणची राजधानी, आपेगावचे ज्ञानेश्वर, जांबचे रामदास ही सगळी याच भूमीची कमाई, तरी ‘तुमच्याकडची भाषा जरा वेगळी’ हे ऐकावेच लागते. गंमत अशी, की राज्यघटनेच्या 371(2) कलमात हिशेब उलटा आहे. तिथे विदर्भ आणि मराठवाडा नावाने येतात, आणि मुंबई-पुण्यासकट बाकी सगळे ‘उर्वरित महाराष्ट्र’! याच कलमाखाली 1994 साली वैधानिक विकास मंडळे आली. 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली.

संस्थानातल्या तेलुगू शेजाऱ्यांची गोष्ट दुसऱ्या दिशेने गेली. तेलंगणातल्या लोकांनी आपल्या संघटनेला आंध्र महासभा म्हटले होते. 1930 साली तिचे पहिले अधिवेशन जोगीपेटला झाले. 1956 मध्ये तेलंगणासह आंध्र प्रदेश झाला, पण थोरल्या नावाखाली आपल्याला धाकटे ठरवले जाते, ही सल राहिली. 2 जून 2014 रोजी तेलंगणाने आंध्र हे नाव सोडले. मराठवाड्यातही वेगळ्या राज्याची मागणी अधूनमधून होते, विकासाच्या अनुशेषाची तक्रार तर खरीच आहे. पण परतूरने घेतलेले नाव टाकून द्यावे, असे इथे बहुसंख्यांना वाटलेले नाही.

निजामाची राजवट संपल्याच्या आठवणीत दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. भाषणांत रझाकार येतात, पोलीस कारवाई येते. परतूरचे अधिवेशन क्वचितच येते. वाटूर, परतूर, मंठा परिसरातल्या जुन्या घरांत त्या काळची पत्रे, पावत्या, छायाचित्रे असतील, तर ती रद्दीत देऊ नका. गावातल्या वाचनालयाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे एकदा दाखवा.