शेतावरील वेल्डिंगचें काम व त्यांतील धोके

पूर्वीं नांगराचा फाळ मोडला किंवा बैलगाडीची धांव सैल झाली म्हणजे गांवच्या लोहाराचा भाता हेंच शेतकऱ्याचें कारखानाघर असे. आतां ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर, पाण्याच्या टाक्या व गोठ्यांचे लोखंडी सांगाडे यांचा प्रसार झाल्यामुळें लोहाराची जागा बहुतेक ठिकाणीं वेल्डरनें घेतली आहे. तो आपलें यंत्र घेऊन शेतावर येतो, दोन-चार तास काम करितो आणि जातो. तेवढ्या वेळापुरतें आपलें खळें हा एक लोखंडी कारखानाच असतो. फरक इतकाच कीं, खऱ्या कारखान्यांत कामाचे नियम असतात व ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारा अधिकारी असतो. खळ्यांत यांपैकीं कांहींच नसतें. तेथें वेल्डर, त्याच्या हाताखालचा पोरगा, आपला गडी आणि लखलखाट पाहावयास जमलेलीं घरचीं मुलें असतात. या सर्वांच्या जिवाची काळजी काम सांगणाऱ्या मालकानेंच घ्यावयाची असते. नियमाचें कारण समजलें म्हणजे नियम आपोआप पाळला जातो, असा आमचा विश्वास असल्यामुळें येथें प्रत्येक धोक्याचें कारण व त्यावरील उपाय अशा क्रमानें विवेचन करण्याचें योजिलें आहे.

रिकामें पिंप

सर्वांत मोठा गैरसमज रिकाम्या पिंपाविषयीं आहे. डिझेलनें भरलेल्या पिंपाला विस्तव लावावयास कोणीहि धजणार नाहीं. पण तेंच पिंप रिकामें झालें म्हणजे त्याचें तोंड कापून पाण्याची टाकी किंवा चुलाण करावें असें अनेकांस वाटतें. वस्तुतः रिकामें पिंप भरलेल्या पिंपाहून अधिक भयंकर असतें. तेल स्वतः पेटत नाहीं, पेटते ती त्याची वाफ. आणि तीहि हवेंत ठराविक प्रमाणांत मिसळली म्हणजेच स्फोट होतो. पेट्रोलच्या बाबतींत हें प्रमाण हवेच्या शेंकडा दीड ते साडेसात भागांइतकें अल्प आहे. भरलेल्या पिंपांत हवेस जागा नसते. रिकाम्यांत ती भरपूर असते. डिझेल थंड असतांना फारशी वाफ सोडीत नाहीं हें खरें, परंतु पिंपाच्या शिवणींत व गंजांत मुरलेलें डिझेल ज्योतीच्या उष्णतेनें वाफ होऊन बाहेर पडतें आणि पत्रा कापीत असतांनाच पेट घेतें. नुसत्या पाण्यानें खळबळून तें निघत नाहीं. औषध-फवारणीच्या पिंपांत तर स्फोटाबरोबर विषारी धुराचेंहि भय असतें.

म्हणून असें पिंप किंवा ट्रॅक्टरची टाकी यांस ज्योत न लावणें हाच उत्तम मार्ग. काम करणें भागच असेल तर तें माहितगार कारागिराकडूनच करवावें. सर्व बुचें काढून पिंप साबणाच्या कढत पाण्यानें किंवा वाफेनें पुन्हां पुन्हां धुवावें, जोड द्यावयाच्या जागेच्या थोडें खालपर्यंत तें पाण्यानें भरावें आणि वाफ निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी. हाच न्याय सर्व बाजूंनीं बंद असलेल्या पोकळ लोखंडास लागू आहे. बंद नळी, पोकळ रूळ, हायड्रॉलिकचा दट्ट्या यांच्या आंत कोंडलेली हवा, तेल किंवा पाणी तापून फुगतें व लोखंड फुटतें. अशा वस्तूस वाट मोकळी केल्याखेरीज ज्योत दाखवूं नये.

ट्रॉलीचें चाक व ट्रॅक्टरचा सांगाडा

ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या रिमला चीर पडली कीं टायर न काढतांच तीवर वेल्डिंग मारण्याची चाल आहे. ही चाल प्राणघातक आहे. रिम तापली म्हणजे तिला चिकटलेलें रबर आंतल्या आंत भाजून त्यांतून पेट घेणारे वायु निघतात. हवेचा दाब वाढत जातो, आणि त्या वायूंनीं पेट घेतला कीं टायर बाँबप्रमाणें फुटतो. कधीं कधीं हा स्फोट काम आटोपल्यावर कांहीं वेळानें होतो, तेव्हां सर्वजण निर्धास्त असतात. हवा सोडून दिली म्हणजे भागलें, असेंहि नाहीं. कारण वायूचा दाब टायरच्या आंत नव्यानें उत्पन्न होतो. यास्तव टायर रिमवरून पूर्णपणें उतरवावा आणि मगच रिमला हात लावावा.

ट्रॅक्टरवरच काम करावयाचें असल्यास प्रथम बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्या. चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें पेटतो. वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदीं जवळ लावावा. तो दूर लावल्यास विजेचा प्रवाह बेअरिंगांतून जाऊन तीं खराब होतात, आणि नव्या ट्रॅक्टरांतील इलेक्ट्रॉनिक भाग जळण्याचा संभव असतो.

गॅसचे सिलिंडर व कार्बाइड

जाड लोखंड कापण्यासाठीं ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांची ज्योत वापरतात. ॲसिटिलीन हा फार चंचल वायु आहे. हवेंत तो शेंकडा अडीच भागांपासून ऐंशीं भागांपर्यंत कोणत्याहि प्रमाणांत मिसळला तरी स्फोटक होतो. मोकळ्या स्थितींत त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅमच्या वर गेला तर हवा नसतांहि तो स्वतःच विघटन पावून फुटतो. म्हणून त्याच्या सिलिंडरांत सच्छिद्र पदार्थ भरून त्यांत ॲसिटोन नांवाचा द्रव मुरवितात व त्या द्रवांत वायु विरघळवून ठेवितात. या विद्येस मोठी चालना देणारे स्वीडनचे गुस्ताफ डालेन यांस १९१२ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं ॲसिटिलीनच्या एका प्रयोगांत स्फोट होऊन त्यांची दृष्टि कायमची गेली. एवढ्या जाणत्या पुरुषावर हा प्रसंग आला, तेथें आपण किती जपून वागावें हें सांगावयास नको.

हा सिलिंडर नेहमीं उभा ठेवावा व सांखळीनें बांधावा. आडवा पडल्यास आंतील ॲसिटोन बाहेर येतो. तो उन्हांत तापूं देऊं नये. त्याच्या नळीस तांब्याचा तुकडा कधींहि जोडूं नये, कारण तांब्याशीं संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार होतो. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा व ॲसिटिलीनचा किरमिजी रंगाचा असतो. जळणाऱ्या वायूच्या जोडाचे आंटे उलटे, म्हणजे डावे असतात. चुकीची नळी चुकीच्या तोंडास बसूं नये याकरितांच ही योजना आहे. तेव्हां ठोकून-पिटून नळी बसवूं नये. ज्योत उलट नळींत शिरूं न देणारी झडप दोन्ही नळ्यांवर आहे कीं नाहीं, हें मालकानें विचारून घ्यावें. नळी गळते कीं काय हें साबणाच्या फेसानें पाहावें, काडी ओढून नव्हे.

ऑक्सिजन स्वतः जळत नाहीं, पण दुसऱ्यास जाळण्यास तो अत्यंत उत्सुक असतो. दाबाखालील ऑक्सिजनचा तेलाशीं किंवा ग्रीसशीं संबंध आला तर ठिणगीवांचूनहि आग लागते. म्हणून त्याच्या झडपेस तेलकट हात किंवा चिंधी लावूं नये, त्यानें टायरांत हवा भरूं नये, आणि अंगावरील धूळहि झाडूं नये.

कांहीं खेड्यांत अद्याप कार्बाइडवर पाणी सोडून ॲसिटिलीन तयार करितात. कार्बाइडचा डबा पावसापासून दूर व कोरडा ठेवावा. उरलेल्या चुन्यासारख्या गाळांतूनहि बराच वेळ वायु निघत असतो. तो गाळ गोठ्याजवळ किंवा बंद खड्ड्यांत न टाकतां उघड्यावर टाकावा.

वीज

शेतावर वेल्डिंगचें यंत्र पुष्कळदां पंपाच्या पेटींतून, तर कधीं थेट तारेवर आंकडा टाकून चालवितात. ओली जमीन, अनवाणी पाय व घामानें भिजलेलें अंग या तिहींचा योग जुळला म्हणजे झटका प्राणावर बेततो. यंत्राच्या होल्डरवर काम थांबलें असतांना साधारण पन्नास ते नव्वद व्होल्ट दाब असतो. कोरड्या माणसास तो सौम्य वाटला तरी ओल्या माणसास मारक ठरतो. म्हणून पाऊस पडत असतां किंवा चिखलांत उभें राहून काम करूं देऊं नये. वेल्डरच्या पायांत कोरडे बूट, हातांत चामड्याचे कोरडे मोजे आणि पायाखालीं लांकडी फळी असावी. तारेवरील रबर फाटलेलें असल्यास यंत्र चालू करूं देऊं नये. तीस मिलिअँपियरला तुटणारें गळतीरोधक स्विच पेटीवर बसविल्यास मोठा आधार होतो. कोणास झटका बसलाच तर प्रथम मेन बंद करावा. तें शक्य नसल्यास कोरड्या लांकडानें त्यास दूर करावें. उघड्या हातानें त्यास धरूं नये.

डोळे व श्वास

वेल्डिंगच्या प्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात व त्यांनीं बुबुळावरील पडदा भाजतो. वेदना त्याच वेळीं होत नाहींत. सहा ते बारा तासांनीं, बहुधा मध्यरात्रीं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपूं लागतें. हें दुखणें बहुधा एक-दोन दिवसांत उतरतें. मात्र त्यावर दूध, बटाट्याचा रस वगैरे घालण्याच्या घरगुती उपायांनीं डोळ्यांत जंतु शिरण्याचा धोका असतो. दुखणें वाढल्यास डॉक्टरांकडेच जावें. वेल्डरनें दहा ते बारा नंबरच्या काळ्या कांचेचा मुखवटा वापरावा; उन्हाच्या चष्म्यानें काम भागत नाहीं. पांढऱ्या भिंतीवरून उलटणारे किरणहि बाधतात, म्हणून मुलांस तेथें मुळींच उभें राहूं देऊं नये. ग्राइंडरवरील लोखंडी आच्छादन काढून काम करण्याची संवय तर तत्काळ सोडावी. फुटलेल्या चकतीचा तुकडा गोळीसारखा येतो.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपास जोड देतांना विशेष जपावें. लोखंड १५३८ अंशांस वितळतें, पण जस्त ९०७ अंशांसच उकळतें. म्हणजे जोड लागण्याच्या आधींच जस्ताचा पांढरा धूर निघूं लागतो. तो छातींत गेल्यास कांहीं तासांनीं थंडी वाजून ताप येतो, तोंडास गोडसर धातूची चव येते, आणि रोगी हिंवतापच आला असें समजतो. गूळ खाल्ला किंवा दूध प्यालें म्हणजे धूर बाधत नाहीं, ही समजूत निराधार आहे. अन्न पोटांत जातें, धूर फुप्फुसांत. वेल्डिंगचा धूर माणसास कर्करोग करणारा आहे असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१७ सालीं दिला आहे. यास्तव जोडाच्या जागेवरील जस्त आधीं घासून काढावें, वारा बाजूनें येईल असें उभें राहावें, व बंद कोठारांत काम करूं नये.

ठिणगी

ठिणग्या पस्तीस फुटांपर्यंत उडतात असें धरून चालावें. कडब्याची गंज, कापूस, पाचट व भुसा तेवढ्या अंतराच्या आंत असल्यास काम दुसरीकडे न्यावें. गंजींत शिरलेली ठिणगी आंत धुमसत राहते आणि माणसें जेवावयास गेलीं म्हणजे भडकते. काम संपल्यावर अर्धा तास पहारा ठेवावा असें अमेरिकेच्या अग्निप्रतिबंधक नियमांत पूर्वीं होतें. २०१९ सालीं ती मुदत एक तास करण्यांत आली. आपणहि पाण्याच्या व वाळूच्या बादल्या भरून एक तास एक माणूस तेथें बसवावा.

कायदा व आपले साखर कारखाने

ज्या टाकींत पेट घेणारा पदार्थ होता, ती निर्धोक केल्यावांचून तिच्यावर वेल्डिंग करूं नये, असें १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाच्या ३७ व्या कलमांत स्पष्ट सांगितलें होतें. ३६ व्या कलमानें बंद टाकींत विषारी वायु असतांना माणूस उतरविण्यास बंदी केली, आणि ३६ (अ) कलमानें तेथें चोवीस व्होल्टांवरील हातदिवा नेण्यास मनाई केली. पुढें हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेंत समाविष्ट करण्यांत आला. एक-दोन माणसांच्या गांवच्या दुकानास कारखान्याचे हे निर्बंध सहसा पोंचत नाहींत. पण सहकारी साखर कारखान्यांस ते पोंचतात, आणि त्या कारखान्यांचे सभासद आमचे वाचकच आहेत. गळीत हंगाम संपल्यावर तेथें दुरुस्तीचें काम जोरांत चालतें. मळीच्या टाकींत आंबण्याच्या क्रियेनें कर्बद्विप्राणिल वायु सांठतो व प्राणवायु उरत नाहीं. तींत उतरलेला माणूस हांक मारण्यापूर्वींच कोसळतो, आणि त्यास काढावयास धांवलेला दुसराहि त्याच वाटेनें जातो. टाकीची हवा तपासली काय, लेखी परवाना दिला काय, बाहेर दोरी धरून माणूस उभा आहे काय, हे प्रश्न वार्षिक सभेंत उंसाच्या दराबरोबरच विचारण्याचा सभासदांस पूर्ण हक्क आहे, व तो त्यांनीं बजावावा.

शेवटीं, वेल्डर शेतावर आला म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीं मालकानें पांच गोष्टी पाहाव्या: वस्तु पोकळ किंवा तेलाची आहे काय; टायर व बॅटरी सोडविली काय; तार व जमीन कोरडी आहे काय; मुखवटा व मोजे आहेत काय; कडबा व मुलें दूर आहेत काय. यांपैकीं एकाचेंहि उत्तर समाधानकारक नसेल तर काम थांबवावें. मजुरी बुडते असें वेल्डर म्हणाल्यास ती त्यास खुशाल द्यावी. एका दिवसाची मजुरी कितीहि झाली तरी भरून निघते. गेलेला डोळा किंवा गेलेला माणूस भरून निघत नाहीं.