खाडीच्या चिखलातील सफाईकर्मी

खाडीचा चिखल हा निसर्गाचा मोठा सफाई कारखाना आहे. शेतातील खते व शहरांचे सांडपाणी यांतून आलेला नत्र त्यातील सूक्ष्मजीव हाताळतात. काही जीव अमोनियाचे नायट्रेट करतात; प्राणवायूविरहित थरातील दुसरे जीव त्या नायट्रेटचा नत्रवायू करून तो हवेत परत पाठवितात. हे काम मंदावल्यास पाण्यात शेवाळ माजते, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

५ मिलिमीटरहून लहान प्लास्टिककण नेमके येथेच ढवळाढवळ करतात. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संशोधकांनी खाऱ्या दलदलीच्या गाळात निरनिराळे प्लास्टिक मिसळून पाहिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पीव्हीसीमुळे या दोन्ही क्रिया मंदावल्या. पॉलियुरेथेन फोम आणि वनस्पतिजन्य पीएलए यांमुळे मात्र त्या वाढल्या. म्हणजे गाळात साचलेले प्लास्टिक सूक्ष्मजीवांची वस्ती आणि तिचे काम, दोन्ही बदलते.

आपली ठाणे खाडी २०२२ साली रामसर यादीत आली. तेथील रोहित पक्षी सर्वांना दिसतात. चिखलातील हे सफाईकर्मी कोणालाच दिसत नाहीत. खाडीचे पाणी आणि तिच्यावर पोट असणारे कोळी बांधव त्यांच्याच श्रमावर तगून आहेत. नाल्यात भिरकावलेल्या पिशवीचा घाव अखेर त्या श्रमावर बसतो, एवढे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.