घाटातली मोटार आणि बिनतारी बाजारपेठ

मोटारींना बिनतारी संपर्काची जोड देणाऱ्या यंत्रणांच्या बाजारपेठेचा अदमास घेऊ पाहणारा संशोधक बहुधा प्रथम मुंबई-पुण्याच्या विक्रीदालनांत जातो, आणि ते साहजिकही आहे. कारण गाडीत स्वतंत्र सिमकार्ड आहे की चालकाच्या फोनवरच तिची भिस्त आहे, मोफत मुदत सरल्यावर किती ग्राहक वर्गणी पुढे चालू ठेवतात, आणि त्यासाठी किती रक्कम मोजण्यास ते राजी असतात, या प्रश्नांवरच त्याची बरीचशी मोजदाद उभी असते. २०१९ साली ह्युंदाईची व्हेन्यू आणि एमजीची हेक्टर या गाड्या अंगभूत सिमकार्डासह बाजारात आल्या, तेव्हापासून हा व्यवहार आपल्याकडच्या मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाच्याही ओळखीचा झाला.

परंतु एके काळची मुकणे संस्थानाची राजधानी जव्हार आणि शेजारचा मोखाडा, हे पालघर जिल्ह्यातील डोंगरी तालुके विचारात घेतले, म्हणजे ही मोजदाद किती अपुरी आहे ते ध्यानात येते. येथील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबांपैकी बहुतेकांच्या दारी मोटार नाही, एस.टी. किंवा भरेपर्यंत नाक्यावर खोळंबणारी जीप, हेच त्यांचे वाहन. खरेदीदारांच्या यादीत त्यांचे नाव येत नाही, आणि तरीही आडवाटेला गाडी उलटली तर ती कोठे आहे हे कोणाला तरी तत्काळ कळावे, याची निकड त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला असेल.

येथे यंत्राची एक मर्यादा समजून घ्यावयास हवी. उपग्रहांचे संकेत गाडीतले यंत्र केवळ ग्रहण करते, त्यास मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते, म्हणून मोखाड्याहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना तोरंगण घाटाच्या वळणावरही ते आपले स्थान निश्चित करू शकते. ते स्थान इतरांस कळवावयाचे तर मात्र मनोरा लागतो, आणि मध्ये डोंगर आडवा आला की माहिती यंत्रातच साठून राहते व रेंज मिळाल्यावर पुढे जाते. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, रिक्षांसारखे अपवाद वगळता, ‘एआयएस-१४०’ मानकानुसार स्थानदर्शक यंत्र आणि आसनाजवळ संकटसूचक लाल बटण बसवणे सक्तीचे झाले. युरोपीय संघाने तर ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांत, अपघात होताच आपोआप मदत मागणारी यंत्रणा अनिवार्य केली. या दोन्ही ठिकाणी मागणी ग्राहकाच्या हौसेतून नव्हे, तर कायद्याच्या हुकुमातून निर्माण झाली. आणि डोंगरी मुलखात ती तशीच निर्माण होणार, असे माझे स्पष्ट मत आहे. मनोऱ्यांचा प्रश्न निव्वळ व्यापाऱ्यांवर सोपवून सुटत नाही, हे केंद्रीय मंत्रिमंडळानेही २७ जुलै २०२२ रोजी २४,६८० गावांसाठी ४-जी सेवेची योजना मंजूर करताना मान्य केलेच आहे.

तेव्हा बाजारपेठेचा अहवाल लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी जव्हारच्या नाक्यावरून एखाद्या जीपमध्ये बसावे, रेंज कोणत्या वळणावर जाते आणि कोठे परत येते याची नोंद करावी, आणि रुग्णवाहिकेच्या चालकास व गावच्या आशाताईस चार प्रश्न विचारून मगच आपले आकडे मांडावेत.