मधला कागद

पावसाळा लागला की आमच्या खारदांड्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. दर्या दाराशी, हवेत खार. पुस्तकांची पानं फुगतात, खिळे गंजतात. कागद ओल पितो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण हाच कागद ट्रान्सफॉर्मरच्या पोटात असतो आणि तिथं त्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे मला एका धक्क्यानं शिकवलं. तो धक्का बसला शेजारच्या मावशींना.

मी कला शाखेचा माणूस. जुनी गाणी नीट ऐकता यावीत म्हणून ॲम्प्लिफायर जुळवायचा नाद लागला. खार रोडला लोकल पकडायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून सुटे भाग आणायचे. हव्या त्या व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मिळेना, तेव्हा ठरवलं, आपणच गुंडाळू. घरात एक जळका स्टॅबिलायझर पडून होता, त्याचे पत्रे कामी आले.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय? लोखंडाच्या एका गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन गुंडाळ्या. दोन्ही एकमेकींना कुठंही शिवत नाहीत. पहिलीत घरातली २३० व्होल्टची वीज जाते. ती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, तसं गाभ्यातलं चुंबकत्व बदलतं आणि त्यामुळं दुसऱ्या गुंडाळीत वीज उपजते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरडेनं लोखंडी कड्यावर हा प्रयोग केला. तेव्हा वार्निश चढवलेली तार कुठली! त्यानं वेढ्यांमध्ये सुतळी आणि सुती कापड घातलं. फॅरडे उमेदवारीत पुस्तकबांधणी शिकलेला होता. थरावर थर कसा बसवायचा, हे त्या हातांना माहीत असणार.

हिशेब अवघड नाही. गुंडाळीच्या आत जो गाभा येतो, त्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढायचं आणि ४५ला त्यानं भागायचं. साध्या पत्र्याला हे प्रमाण चालतं. माझा गाभा १० चौरस सेंटिमीटरचा, म्हणून व्होल्टमागं साडेचार वेढे. २३० व्होल्टला १०३५ वेढे, २७ गेजच्या बारीक तारेचे. दुसऱ्या बाजूला १८ व्होल्ट हवे होते. त्याचे ८१ होतात, पण भार आला की व्होल्ट थोडे उतरतात, म्हणून ८५. असे दोन भाग, १९ गेजच्या जाड तारेचे. वेढे फार कमी घातले तर लोखंडाला चुंबकत्व पेलत नाही. ट्रान्सफॉर्मर तापतो, गुणगुणतो आणि ती गुणगुण गाण्यात उतरते. पत्रे ढिले बसले तरी तेच.

दर शंभर वेढ्यांना वहीत एक रेघ मारत मी दोन रात्री मोजत बसलो. कवितेत एक मात्रा चुकली की ओळ लंगडते. इथं पाचदहा वेढे चुकले तर फारसं बिघडत नाही. मात्र एकाच वेढ्याचं वार्निश खरवडलं जाऊन तो शेजारच्याला चिकटला, तर तेवढ्या वेढ्यात प्रचंड प्रवाह फिरतो आणि सगळी मेहनत जळून जाते. म्हणून तार ओढायची ती अलगद, आणि प्रत्येक थरावर कागद.

माझी चूक इथंच झाली. बॉबिनमध्ये जागा कमी पडली, म्हणून दोन गुंडाळ्यांच्या मधला कागद मी एकेरीच ठेवला. वार्निशात बुडवायचा कंटाळा केला. प्लगही दोन पिनांचा लावला. उन्हाळाभर ॲम्प्लिफायर सुरेख वाजला. ऑगस्टमध्ये मावशी डबा द्यायला आल्या, ओल्या हातानं त्याच्या पत्र्याला टेकल्या आणि झटक्यानं मागं पडल्या. उठून म्हणाल्या, “अरे, तुझं हे गाणं चावतं रे!” त्या हसल्या, मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

कागदानं ओल प्यायली होती आणि घरातली वीज त्यातून पाझरत डब्याच्या पत्र्यापर्यंत पोचली होती.

तो ट्रान्सफॉर्मर मी सगळा उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. या वेळी मधे विजेच्या कामाच्या जाड कागदाचे तीन थर, कडेपर्यंत. मग बंद खोक्यात शंभर वॅटच्या बल्बखाली रात्रभर सुकवला, वार्निश पाजलं, परत सुकवला. पहिल्यांदा वीज दिली ती ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून. दुसरी बाजू मोकळी असताना बल्ब लख्ख पेटला, तर आत कुठंतरी वेढे चिकटले आहेत असं समजावं. माझा विझलेलाच राहिला. मग मोटारी गुंडाळणाऱ्याकडं नेऊन मेगरवर तपासला; कागदातून वीज पाझरते का, ते हे यंत्र सांगतं. शेवटी फ्यूज, तीन पिनांचा प्लग, आणि गाभा व डबा दोन्ही अर्थिंगला जोडलेले.

हे करून पाहायची हौस असेल त्यानं जाणत्या माणसाला शेजारी बसवावं. व्हॉल्व्हच्या सेटला शेकडो व्होल्ट लागतात. नवख्यानं त्या वाटेला जाऊच नये. तांबं महाग असतं, तिथं आपण काटकसर करत नाही. कागद स्वस्त असतो आणि दिसत नाही, म्हणून तिथं करतो. आपण गुंडाळलेल्या वस्तूला उद्या दुसरं कुणी हात लावणार आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मावशी अजून गाणी ऐकायला येतात. मात्र आधी मी डब्यावर हात ठेवून दाखवतो, मगच त्या बसतात.