मोटार खोलण्याची विद्या

कोणतेंही यंत्र मोडणें सोपें व जोडणें कठीण, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज निम्माच खरा आहे. हातोडा घेऊन मोडणें सोपें खरें. परंतु जें मोडावयाचें त्यांतूनच पुढें दुसरें यंत्र उभें करावयाचें असेल, तर मोडणें हें जोडण्याइतकेंच काळजीचें काम होतें. इंग्लंडांत अनेक हौशी लोक घरच्या घरीं, स्वहस्तें, मोटार तयार करतात. अशा मोटारीस तिकडे ‘किट कार’ म्हणतात. तिचा आरंभ पुष्कळदां एक जुनी मोटार खोलण्यापासून होतो. ती कशी खोलतात, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या प्रघाताचा थोडा इतिहास पाहूं. १९५७ सालीं कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनें ‘सेव्हन’ नांवाची दोन बैठकांची, अत्यंत हलकी मोटार काढली. त्या काळीं इंग्लंडांत तयार मोटारीवर खरेदी-कर असे. सुटे भाग घेऊन घरीं जोडल्यास तो वांचे. मात्र भागांबरोबर जोडणीच्या सूचना देण्याची मनाई होती. तेव्हां मोटार सुटी कशी करावी याच्याच सूचना कंपनीनें दिल्या, व ग्राहकांनीं त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचल्या, असें सांगतात. १९७३ सालीं करपद्धति बदलून ही सवलत संपली. त्याच वर्षीं सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, व ती आजही त्या घाटाच्या मोटारी तयार करते. पुढें १९९६ सालीं रॉन चॅम्पियन यांनीं अवघ्या २५० पौंडांत अशी मोटार कशी करावी, याचें पुस्तक लिहिलें. एक इंच चौरस पोलादी नळ्यांचा सांगाडा स्वतः वेल्डिंग करून बनवावयाचा, व बाकीचें बहुतेक सामान फोर्ड कंपनीच्या एका जुन्या एस्कॉर्टमधून काढावयाचें, ही त्यांतील मुख्य कल्पना. जिच्यांतून सामान काढावयाचें तिला आपण दात्री मोटार म्हणूं.

एस्कॉर्टच कां? १९८० पर्यंतच्या एस्कॉर्टमध्यें पुढें इंजिन, त्यामागें गिअर-बॉक्स, तेथून मागें जाणारा लांब फिरता दांडा, व शेवटीं मागचा आंस, अशी सरळ रांग असे. सेव्हनची रचनाही तशीच असल्यामुळें ही रांग नव्या सांगाड्यांत नीट बसते. केवळ दांडा आंखूड करून तोलून घ्यावा लागतो, व तें काम कारखान्यांतच करवावें. १९८० नंतरच्या एस्कॉर्टची पुढचीं चाकें फिरूं लागलीं, त्यामुळें ती या कामास निरुपयोगी झाली. जुन्या एस्कॉर्ट दुर्मिळ व महाग झाल्यावर लोक फोर्डची सिएरा व जपानची माझदा एमएक्स-५ यांकडे वळले. या दोहोंतही इंजिनाची शक्ति मागच्या चाकांस मिळते.

दात्री मोटार हातीं आली कीं पाना उचलण्यापूर्वीं ती चालवून पाहावी. इंजिन कसा आवाज करतें, धूर कोणत्या रंगाचा येतो, गिअर नीट पडतात कीं नाहीं, क्लच घसरतो काय, हें सर्व मोटार जिवंत असतांनाच कळतें. खोलल्यावर तिला विचारण्याची सोय राहत नाहीं. ज्या नटांस मोठा जोर लागतो, उदाहरणार्थ चाकांच्या मध्यावरील नट, ते चाकें जमिनीवर असतांनाच ब्रेक दाबून सैल करावे.

नंतर बॅटरी सोडावी. एअरबॅग असलेल्या मोटारींत यापुढें कांहीं वेळ थांबून मगच वायरींस हात लावावा. पेट्रोल उघड्या हवेंत, ठिणगीपासून दूर, काढून घ्यावें. रिकामी टाकी निर्धोक असते, हा भ्रम आहे. तिच्यांत उरलेली वाफ भरल्या टाकीहूनही अधिक स्फोटक असते. इंजिनाचें तेल, ब्रेकचें तेल व रेडिएटरचें पाणी निरनिराळ्या भांड्यांत ठेवावें. रेडिएटरच्या पाण्यांत गोठणरोधक द्रव असल्यास तें चवीला गोड पण विषारी असतें. कुत्र्या-मांजरांनीं तें प्यायल्यास त्यांचा प्राण जातो. जॅक हा केवळ उचलण्यासाठीं आहे; मोटारीखालीं शिरावयाचें तर ती भक्कम स्टँडवर टेकलेली असलीच पाहिजे.

आतां खऱ्या विद्येचा प्रश्न येतो. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें. नट-बोल्ट निरनिराळ्या पिशव्यांत घालून चिठ्ठी लावावी, अथवा ज्या भोकांतून काढले त्यांतच परत बसवावे. वायरींचा जोड सोडतांना त्याच्या दोन्ही बाजूंस एकच खूण करावी. पुढें दिवा न लागल्यास या खुणेचें मोल समजतें. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीं तेल सोडावें. बळजबरीनें तो तुटतो, आणि तुटलेला बोल्ट काढण्यांत सबंध दिवस जातो. बैठका, वायरिंग, मग इंजिन व गिअर-बॉक्स, शेवटीं आंस व स्प्रिंगा, हा क्रम सोयीचा असतो. जुन्या ब्रेकच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती फुंकून उडवूं नये, ओली करून पुसावी.

सर्व भाग ओळीनें मांडले कीं निवड करावी लागते, व येथेंच मनुष्याची परीक्षा होते. इंजिन, गिअर-बॉक्स, आंस, स्टीअरिंग हे भाग तपासून, धुऊन पुन्हां वापरतां येतात. परंतु ब्रेकच्या रबरी नळ्या, ब्रेकचे पॅड, सील, रबरी बुश, चाकांचीं बेअरिंगें व एकदां वापरलेले नायलॉनचे नट हे नवेच घ्यावे. मोटार स्वस्तांत करण्याची हौस असते, म्हणून ‘हेंही चालेल’ असा मोह होतो. पण उतारावर जी नळी फुटेल ती आपण किती पैसे वांचविले हें पाहत नाहीं. आपल्याबरोबर शेजारीं बसलेला स्नेही व रस्त्यानें जाणारें पोर यांचाही जीव तिच्यावर अवलंबून असतो. पैसे वांचवावयाचे तर उरलेलीं दारें, कांचा व बैठका विकून वांचवावे. ब्रेकवर वांचवूं नयेत.

इंग्लंडांत अशी मोटार रस्त्यावर येण्यापूर्वीं सरकारी तपासणीस तिची स्वतंत्र परीक्षा घेतात. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करण्यास मनाई आहे. तेव्हां आमच्या तरुण वाचकांनीं हा लेख वाचून घरची मोटार खोलावयास बसूं नये! मात्र जुनें कुलूप, सायकल वा शिवण्याचें यंत्र वडिलांच्या अनुज्ञेनें खोलून पाहण्यास कोणाची हरकत नाहीं. प्रत्येक भाग कोठून आला, तो तेथें कां होता, व तो अजून विश्वासास पात्र आहे काय, हे तीन प्रश्न विचारीत जो खोलतो, त्यास जोडण्याची विद्या निम्मी आलीच असें समजावें.