लव्हबर्ड पक्ष्यांतील रंगांचा वारसा

हिरव्या नर-मादीच्या घरट्यातून एखादे वेळी लाल डोळ्यांचे पिवळे पिल्लू निघते आणि पाळणारा बुचकळ्यात पडतो. खुराकात काही बदल झाला, की जोडी विकणाऱ्याने फसविले, अशी शंका त्यास येते. वस्तुतः यात नवल काहीच नाही. हा रंग बापाच्या अंगी दडलेला होता. आणि ते पिल्लू मादीच आहे, हेही न तपासता सांगता येते.

प्रथम पक्षी कोणता, हे ध्यानात घ्यावे. आपल्या बाजारात ऑस्ट्रेलियातील बजरीगारांनाही सर्रास लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड हे आफ्रिकेतील आखूड शेपटीचे लहान पोपट होत. त्यांपैकी नामिबिया व अंगोला या देशांच्या कोरड्या प्रदेशात आढळणारी गुलाबी चेहऱ्याची जात येथे मुख्यतः विचारात घेतली आहे.

या पक्ष्याच्या पिसांत हिरवे रंगद्रव्य नसते. पिसाची सूक्ष्म रचना व तिच्या मागचे काळे द्रव्य यांमुळे निळी छटा उमटते; तीत पिवळे द्रव्य मिळाले की हिरवा रंग दिसतो. काळे द्रव्य नाहीसे झाले की पक्षी पिवळा होतो, त्यास ल्युटिनो म्हणतात. पिवळे व तांबडे द्रव्य कमी झाले की तो निळसर दिसतो. हे दोन्ही रंग हिरव्यापुढे दबून राहतात. परंतु त्यांचा वारसा मात्र अगदी निराळ्या रीतीने चालतो.

निळसर रंगाचे गुणबीज पिल्लास आई व बाप या दोघांकडूनही मिळावे लागते. एकाकडूनच मिळाल्यास पिल्लू हिरवेच दिसते, पण ते त्या रंगाचे वाहक होते. व्यापारी त्यास ‘स्प्लिट’ म्हणतात. दोन वाहकांच्या जोडीस सरासरीने चारात एक पिल्लू निळसर होते. ही सरासरी पुष्कळ पिल्लांची आहे. चार-सहा अंड्यांच्या एका वेतात एकही निळसर पिल्लू न निघाल्यास जोडी खोटी ठरवू नये.

ल्युटिनोचे गुणबीज लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नराजवळ अशी दोन सारखी गुणसूत्रे असतात, तर मादीजवळ त्यांतील एकच. म्हणून मादीच्या अंगी पिवळ्याचे बीज असले तर ती पिवळी दिसलीच पाहिजे. ते तिला लपविता येत नाही. ‘पिवळ्याची स्प्लिट मादी’ म्हणून कोणी हिरवी मादी जादा दराने विकत असेल तर ती घेऊ नये. तसली मादी या जातीत असूच शकत नाही.

यातूनच पैदास करणाऱ्यास मोठी सोय होते. गुलाबी चेहऱ्याच्या जातीत नर व मादी दिसण्यात सारखेच असल्याने दोन माद्यांची जोडी लागणे नित्याचेच आहे. मग घरट्यात आठ-दहा अंडी साठतात आणि सगळी वांझ निघतात. पिवळा नर व हिरवी मादी यांची जोडी लावल्यास सर्व पिवळी पिल्ले माद्या व सर्व हिरवी पिल्ले नर होतात. पिल्लांचे डोळे उघडण्यापूर्वीच कातडीतून दिसणाऱ्या तांबूस छटेवरून हा भेद कळतो. उलट जोडी, म्हणजे हिरवा नर व पिवळी मादी, लावल्यास सर्व पिल्ले हिरवी होतात. त्यांतील नर तेवढे वाहक असतात व माद्यांच्या अंगी पिवळ्याचा अंशही राहत नाही. वाहक नर हिरव्या मादीस दिल्यास निम्म्या माद्या पिवळ्या निघतात. प्रारंभी सांगितलेल्या घरट्यात हेच घडलेले असते. तेथील हिरव्या नर पिल्लांपैकी सुमारे निम्मे वाहक असतात, पण ते नुसते पाहून ओळखता येत नाहीत. त्यांपैकी एखाद्यास झालेले एक पिवळे पिल्लूही पुरेसा पुरावा होय; असा पुरावा मिळेपर्यंत त्यास वाहक म्हणून विकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

याकरिता प्रत्येक पिल्लाच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्याचे आईबाप व रंग वहीत नोंदवावेत. ग्रामसेवकांनी ही वही पाहिल्याखेरीज पक्षिपालकास जोड्यांबाबत सल्ला देऊ नये. निळसर पिल्ले लवकर मिळावीत म्हणून भाऊ-बहिणीची जोडी लावण्याचा मोह होतो. त्याने वंश दुबळा पडतो; दुसऱ्या घराण्यातील पक्षी आणणेच बरे.

डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेल्या टांझानियातील फिशर जातीस मात्र वरील हिशेब लावू नये. तिच्यात ल्युटिनो रंग निळसर रंगाप्रमाणेच दोन्ही आईबापांकडून यावा लागतो, त्यामुळे तेथे स्प्लिट मादी खरोखरच असते. या दोन जातींचा संकर करण्यातही लाभ नाही, कारण त्यापासून होणारी पिल्ले वांझ निपजतात.