सातवाहनांतील राजवारसा
सातवाहनांतील राजवारसा : दख्खनमधील प्राचीन सातवाहन घराण्यातील राजपदाच्या संक्रमणाची पद्धती. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र यांसारख्या मातृनामांवरून या घराण्यात मातृवंशीय वारसा असावा, असे मत पूर्वी मांडले गेले. ते ग्राह्य वाटत नाही. मातृवंशीय पद्धतीत राज्य मामाकडून भाच्याकडे जाते. येथे गौतमीपुत्र सातकर्णीनंतर त्याचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी गादीवर आला. पितापुत्रांची मातृनामेही भिन्न आहेत, कारण ती प्रत्येकाच्या मातेच्या गोत्रनामावरून पडली. अनेक राण्या असलेल्या राजकुलात पुत्राची ओळख पटविण्यास ती उपयोगी पडत असावीत. प्रसंगी भावालाही राज्य मिळे. पुराणांनुसार संस्थापक सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण राजा झाला.

राजमातेचा मान मात्र मोठा होता. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील नासिक येथील लेखात त्याची आजी गौतमी बलश्री हिने लेणे दान दिल्याची नोंद आहे. तीत ती स्वतःस महाराजाची माता व महाराजाची पितामही म्हणविते. म्हणजे तिची प्रतिष्ठा पुत्र व नातू यांच्या राजपदावरून सांगितली आहे. त्यांचे राजपद तिच्यावरून नव्हे. नाणेघाटातील लेखात सातकर्णीची राणी नागनिका हिचा उल्लेख असून त्यावरून तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने कारभार पाहिला, असे अनुमान करतात.